अंगठ्याखालचा ठोका

माझ्या सासऱ्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगितलेली नाही. निरोपाची भाषणं झाली, सगळ्यांनी रुमाल काढले, आणि पुढच्याच गुरुवारी दुपारी हे आमच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत खडू घेऊन हजर. तेव्हापासून दर गुरुवारी तिथं ईसीजीचा वर्ग भरतो. हृदयाचे ठोके कागदावर कसे उमटतात आणि ते वाचायचे कसे, हे त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याइतका हेकट माणूसही पाहिलेला नाही.

मी त्यांचीच विद्यार्थिनी. नंतर सून झाले. आता तो वॉर्ड मी सांभाळते. घरी मी त्यांना बाबा म्हणते आणि ते मला सूनबाई. हॉस्पिटलच्या फाटकातून आत शिरलं की ते सर आणि मी डॉक्टर, तेही 'तुम्ही' लावून. नियम त्यांचाच. "नातं घरी ठेवून यायचं," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि मी नवी नवरी, मान डोलावली.

त्यांच्या वर्गाची एक पद्धत आहे. दर वेळी एक विद्यार्थी पेशंट होऊन खाटेवर झोपतो. बाकीचे त्याच्या छातीला आणि हातापायांना तारा लावतात, मशीनमधून कागदाची पट्टी निघते, आणि सर एकेकाला उभं करून ती वाचायला लावतात. त्या गुरुवारी पाळी लंबूची होती. खाटेवर झोपला की त्याचे पाय बाहेर लोंबतात, म्हणून तो लंबू. त्यानं शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली, तोच सर म्हणाले, "राहू दे. आज मी झोपतो."

पोरांना गंमत वाटली. मी मागच्या बाकावर बसून वॉर्डाची कामं उरकत होते. मलाही वाटलं, म्हातारा आज खुशीत दिसतोय.

तारा लागल्या. मशीन कुरकुरत सुरू झालं आणि पट्टी बाहेर येऊ लागली. पुढच्या बाकावरची पोरं वाकून बघायला लागली आणि मग एकदम हसली. कागदावर जाडजूड लाटा उमटत होत्या, एकीला लागून दुसरी, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही.

हसायचं कारण होतं. पोरांना फसवायची सरांना वाईट खोड. एकदा त्यांनी हातांच्या तारांची अदलाबदल करून ठेवली होती. एकदा खाटेवर झोपलेल्या पोराला त्यांनी चादरीखाली हात थरथरवायला सांगितलं होतं, आणि ज्यांनी ज्यांनी पट्टी बघून 'पेशंट चालला' म्हटलं त्यांची पुढे कितीतरी दिवस टर उडवली. तेव्हा या वर्गात भयंकर पट्टी दिसली की घाबरायचं नाही, आधी सरांचा हात शोधायचा, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

"सर, तुम्ही हात हलवताय," शहाणी म्हणाली. प्रत्येक वर्गात एक असते, तशी ही या वर्गातली.

सरांनी दोन्ही हात वर उचलून दाखवले. हात स्थिर होते. मशीन त्याच जाडजूड लाटा काढत राहिलं.

हसू थांबलं. सर कोपरावर रेलून उठले, पट्टी फाडून घेतली आणि डोळ्यांसमोर धरली. हा माणूस नजर टाकली की पट्टी वाचतो. त्या दिवशी ते बघतच राहिले. मग त्यांनी ती वर्गापुढे धरली आणि आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं, "घाबरू नका. हे वरचं आहे. माझ्या हृदयातली एक तार जुनीच बंद आहे, म्हणून जाड दिसतंय. व्हेरापामिलचं एक इंजेक्शन, काम फत्ते. लिहून घ्या."

पोरांनी लिहून घेतलं. सरांनी सांगितलंय म्हटल्यावर कोण कशाला विचार करतंय?

ज्यांचा या विद्येशी संबंध नाही, त्यांच्यासाठी इथं दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर मी का घाबरले ते कळणार नाही. हृदयाला वरचे कप्पे असतात आणि खालचे असतात. ठोक्याचा हुकूम वरून निघतो, ठरलेल्या वाटेनं, म्हणजे आम्ही ज्याला तार म्हणतो तिच्यातून, खाली जातो, आणि कागदावर एक सडपातळ सुळका उमटतो. ठोके जोरात आणि सडपातळ असतील तर बिघाड वर आहे. माणूस हैराण होतो, पण सहसा मरत नाही. ठोके जोरात आणि जाड असतील तर बहुतेक वेळा खालच्या कप्प्यांनी बंड केलेलं असतं. ते वरच्यांचं ऐकेनासे झालेले असतात, आणि तसं हृदय कुठल्याही क्षणी बंद पडू शकतं. घोटाळा असा, की एखाद्याची तार आधीच अर्धी बंद असेल तर वरचा साधा बिघाडसुद्धा जाडच दिसतो. दोन्ही पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या. आणि जे इंजेक्शन वरचा बिघाड चुटकीसरशी थांबवतं, तेच खालच्या बिघाडात दिलं तर बीपी कोसळतं आणि माणूस हातातून जातो.

म्हणून सरांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट हाणून हाणून बसवली होती. जाड आणि जोरात दिसलं की ते खालचंच समजा. पेशंट हसतोय, गप्पा मारतोय, याला भुलू नका. आणि आता तेच सर खाटेवर बसून, हसत, नेमकं उलटं सांगत होते.

मी पुढे गेले आणि त्यांचा हात हातात घेतला. तळवा गार होता, घामानं चिकट. नाडी मोजता येईना इतकी पळत होती.

"सर, पट्टी बघू."

"मी वाचलीय ना, डॉक्टर."

"तुमची तार बंद आहे हे मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला सगळंच कशाला माहीत असायला हवं?"

हे मात्र खरं होतं. सहा वर्षांपूर्वी त्यांना हार्ट अ‍ॅटॅक आला तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावातल्या आपल्या मित्राकडे उपचार घेतले होते. आम्हाला कळलं ते घरी परत आल्यावर. कागदपत्रं कुणाला दाखवली नाहीत. आपली दुखणी हा माणूस कुलपात ठेवतो. पण अ‍ॅटॅक आलेल्या हृदयावर वण राहतो, आणि खालचं बंड नेमकं अशा वणातूनच उठतं. हेही मला त्यांनीच शिकवलेलं.

मी लंबूला खाटेच्या चाकांचे ब्रेक काढायला सांगितले.

तातडीच्या विभागापर्यंतच्या बोळात खाट मी आणि लंबूनं ढकलली. बाकीची पोरं मागून. सर झोपल्या झोपल्या सूचना देत होते, वळणावर हळू, भिंतीला घासू नका, शहाणे, माझा चष्मा घे. इतका नीट बोलणारा माणूस मरणाच्या दारात आहे असं कुणाला वाटणार? मला वाटत होतं, आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

आत थोरल्या सिस्टर होत्या आणि ड्युटीवरचा डॉक्टर होता. सालस मुलगा, नुकताच नोकरीला लागलेला. सिस्टरनी मॉनिटर जोडला. पडद्यावर तेच, ठोके मिनिटाला एकशे सत्तर, सगळे जाड. बीपी बरं होतं, अजून तरी.

"व्हेरापामिल भर," सर त्या मुलाला म्हणाले. त्यानं भरलं. मी अजून खाटेला वळसा घालून पोचतेय तोवर सुई तयार होती.

"थांबा," मी म्हणाले.

तो थांबला. आधी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मॅडम, पण सर म्हणताहेत..."

"सर आज पेशंट आहेत."

"पेशंट शुद्धीवर आहे," सर म्हणाले. "आणि त्याचं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टर, मला काय द्यायचं आणि काय नाही, ते मी ठरवणार. कायदा तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक होता. माझी खरी अडचण दुसरीच होती. त्या इमारतीत मला मदत करू शकेल असा प्रत्येक माणूस त्यांचा विद्यार्थी होता. थोरल्या सिस्टरनासुद्धा पट्टी वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. सरांपुढे सगळे मूग गिळून गप्प, आणि मी त्या सगळ्यांत पहिली.

दोन्ही बिघाडांना चालेल असं दुसरं एक औषध असतं, सलाईनमधून हळूहळू जाणारं. ते मी लावायला सांगितलं. सरांनी हात आखडून घेतला. मी म्हटलं, मग थोडी भूल देऊन शॉक देऊ, क्षणात सगळं ताळ्यावर येईल. ते म्हणाले, "शॉक? या एवढ्याशा गोष्टीला? डॉक्टर, तुम्ही घाबरलात."

घाबरले तर होतेच. आणि खरं सांगायचं तर माझी खात्रीही डळमळायला लागली होती. समजा, ते बरोबर असतील. समजा, खरंच त्यांची तार जुनीच बंद असेल. मग एका साध्या इंजेक्शननं बरा होणारा म्हातारा माणूस मी हट्टानं ताटकळत ठेवला होता. मी मॉनिटरवरून नवी पट्टी काढली आणि डोळ्यांत तेल घालून वाचली. सगळे ठोके सारखे, सगळे जाड. ती पट्टी दोन्हीकडून बोलत होती. वकिलाच्या हातात दिली असती तर त्यानं दोन्ही पक्ष जिंकून दाखवले असते.

सरांची जुनी पट्टी मिळाली तर तार खरंच बंद होती का ते कळलं असतं, म्हणून सासूबाईंना फोन लावून अ‍ॅटॅकच्या वेळचे कागद मागितले. त्या म्हणाल्या, "कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात असते गं. काय झालंय?" मी म्हटलं, या, रिक्षा करून या. आवाज नीट ठेवायचा प्रयत्न केला. तो ठेवला गेला नाही.

तेवढ्यात सिस्टरनी बीपी पुन्हा मोजलं. शंभराच्या खाली आलं होतं. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मॅडम, काहीतरी ठरवा." भूल देणारे डॉक्टर दारात येऊन उभे होते. ड्युटीवरचा मुलगा सुई हातात धरून तसाच, तिचं तोंड वर करून. मला त्याची दया आली आणि रागही आला.

बीपी मोजायला सरांनी डावा हात पुढे केला होता. आल्या आल्या सलाईनची सुई टोचायला सिस्टरनी उजवा हात मागितला होता, तेव्हाही त्यांनी डावाच दिला होता. उजवा हात पोटावर होता, मूठ वळलेली. मुठीतून कागदाचं टोक बाहेर आलं होतं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या माणसानं उभ्या आयुष्यात पट्टी चुरगळलेली नाही. कुणी पोरानं घडी घातली तरी ते वर्ग डोक्यावर घ्यायचे. पट्टी धरायची ती दोन्ही टोकांना, चिमटीत, मध्ये बोट लावायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. आणि आज वर्गापुढे त्यांनी ती धरली होती ती मधोमध, अंगठा दाबून.

मी खाटेच्या कडेला बसले. बसायची पद्धत नाही, तरी बसले.

"बाबा," मी म्हणाले, "मूठ उघडा."

सिस्टरनी चमकून बघितलं. सरांच्या कपाळावर घाम साचला होता आणि ओठ कोरडे पडले होते.

"नाही," ते म्हणाले.

मी त्यांची मूठ हातात घेतली आणि एकेक बोट उघडायला लागले. त्यांनी जोर लावला नाही. माझ्या थोरल्या मुलानं लहानपणी खडा गिळू नये म्हणून मी त्याची मूठ अशीच उघडत असे. आणि मी तेव्हा मनात काय म्हणत होते तेही सांगते. मी म्हणत होते, आत काही नसू दे. बाबा बरोबर असू देत. मी मूर्ख ठरले तरी चालेल.

पट्टी घामानं दमट झाली होती. मांडीवर ठेवून ती सरळ केली. जाड लाटा, जाड लाटा, आणि मधोमध अंगठ्याच्या नखाचा काळा ओरखडा. तो कागद तसाच असतो, नख दाबलं की काळा होतो. ओरखड्याखाली एकच ठोका होता, सडपातळ, सुळक्यासारखा, अगदी शहाण्या माणसाचा असावा तसा. त्याच्या पुढेमागे सगळी दांडगाई.

त्या एका ठोक्यात सगळं आलं. खालचे कप्पे बंड करून स्वतःचंच चालवत होते, आणि त्या गोंधळात वरचा एक हुकूम फट शोधून खाली पोचला होता, ठरलेल्या तारेतून, सरळ. म्हणजे तार उघडी होती. जुनी बंद वगैरे काही नव्हती. हे वरचं नव्हतं, खालचं होतं. त्या मुलाच्या हातातल्या सुईत सरांचा मृत्यू भरलेला होता.

"दिसला?" सरांनी विचारलं.

"दिसला."

"वर्गात कुणाला दिसला नाही."

"तुम्ही दिसू दिला नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. मला त्यांचा भयंकर संताप आला होता. ज्यांचं बोट धरून मी ही विद्या शिकले, त्यांनी माझ्यादेखत पट्टीवर अंगठा ठेवला होता.

"का, बाबा?"

ते फार हळू म्हणाले, "सकाळपासून धडधडतंय. म्हटलं, वर्गात पट्टी काढून घेऊ, कुणाला कळणार नाही. वरचंच असेल. मग तो ठोका दिसला." श्वास घ्यायला थांबले. "मला वाटलं, मोठ्यानं वरचं म्हटलं तर होईल वरचं."

"आणि नाही झालं तर?"

"तर पटकन संपेल. हे सगळं नको. शॉक नको, छातीत मशीन नको, तुझ्या सासूला बाहेर बाकावर बसवणं नको. मी बसवलंय लोकांच्या बायकांना. मला माहीत आहे त्या कशा बघतात ते." आणि मग म्हणाले, "मला भीती वाटतेय, सूनबाई."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून हा शब्द मी ऐकला नव्हता. पण रडायला वेळ नव्हता, आणि सिस्टर बीपीचा पट्टा पुन्हा फुगवत होत्या.

मी म्हणाले, "बाबा, जरा इकडे बघा. ते इंजेक्शन कुणाच्या हातात आहे?"

त्यांनी डोळे उघडले. ड्युटीवरचा मुलगा पायथ्याशी उभा होता. त्याला आमचं सगळं ऐकू येत होतं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता आणि सुई त्यानं अंगापासून लांब धरली होती.

"तुम्ही पटकन जाल," मी म्हणाले. "हा पोरगा कुठं जाईल?"

सर त्याच्याकडे बघत राहिले. मुलानं सुई खाली ठेवायला ट्रे शोधला, त्याला तो समोर असून दिसेना. सिस्टरनी त्याच्या हातातून ती काढून घेतली.

"ऐंशी," सिस्टर म्हणाल्या.

सरांची जीभ जड झाली होती. "दे," ते मला म्हणाले. "शॉक दे."

पुढचं सगळं भराभर झालं, पण मला ते फार सावकाश आठवतं. भूलवाल्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि सरांचा जबडा सैल पडला. सिस्टरनी छातीवर चकत्या चिकटवल्या. मी मशीन ठोक्यांच्या लयीशी जुळवून घेतलं, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं, आणि बटण दाबलं. सरांचं अंग खाटेवर उसळलं आणि पडलं. पडद्यावर बघितलं. जाड, जाड, जाड. काही फरक नाही.

त्यांची पट्टी मी वाचली होती, त्यांना मी कबूल करायला लावलं होतं, आणि हे जर आता संपलं तर ते माझ्या हातून संपणार होतं. घरी जाऊन माझ्या नवऱ्याला मी काय सांगणार होते, की तुझे वडील इंजेक्शन मागत होते आणि मी शॉक दिला?

"वाढवून द्या, मॅडम," ड्युटीवरचा मुलगा म्हणाला. आवाज फाटका होता, पण त्यानं मशीनचा आकडा स्वतःच वाढवला होता आणि तो माझ्या उजव्या हाताशी येऊन उभा राहिला होता.

मी पुन्हा सगळ्यांना बाजूला केलं आणि बटण दाबलं.

पडद्यावर रेघ सरळ झाली. सरळच राहिली. सिस्टरनी तोंडावर हात ठेवला. मग एक ठोका आला, सडपातळ. मग रिकामी जागा. मग दुसरा, तसाच. मग तिसरा. आता ते आपापसात अंतर राखून येत होते, रांगेत उभ्या शहाण्या मुलांसारखे. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "आला." मी भिंतीला टेकले आणि रडले. थोरल्या सिस्टर माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि नेमकं तेव्हाच सासूबाई दारात येऊन थडकल्या आणि मला रडताना बघून मटकन खाली बसल्या.

"आहेत, आहेत," मी धावत जाऊन म्हणाले. "आई, आहेत ते. झोपलेत."

त्यांना पटायला वेळ लागला. खाटेपाशी नेऊन त्यांचा हात मी बाबांच्या छातीवर ठेवला, तेव्हा त्या उठल्या. "सकाळी चहा तसाच ठेवला," त्या म्हणाल्या. "विचारलं, बरं नाही का? तर म्हणतात, गुरुवार आहे, मला उशीर होतोय." मग नवऱ्याच्या झोपलेल्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "बघते आता तुमच्या गुरुवाराकडे."

बाबांना जाग आली तेव्हा दुपार कलली होती. भुलीतून उठणारा माणूस पाणी मागतो, नाहीतर बायकोचं नाव घेतो. यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि विचारलं, "पोरं गेली का?"

मला वाटलं, नातवंडांचं विचारताहेत. "शाळेतून यायची आहेत अजून," मी म्हटलं.

"ती नाही गं. वर्गातली."

"बाहेर बसली आहेत. तुम्ही झोपा."

"जाऊ देऊ नकोस त्यांना." ते उठून बसायला लागले. सासूबाईंनी खांद्याला धरून त्यांना मागे टेकवलं. "मी त्यांना काय सांगितलंय माहीत आहे ना? वह्यांत लिहून घेतलंय त्यांनी. जाड आणि जोरात, पेशंट बोलतोय, तर व्हेरापामिल. त्यातला एखादा उद्या कुणाच्या तरी बापाला देईल ते."

मी हे साफ विसरले होते. बाबा वाचले एवढंच माझ्या डोक्यात होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या पोरांच्या वह्यांत ती ओळ तशीच होती, आणि वर सरांनी सांगितलंय ही खात्री.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "बाहेर जाऊन खोडायला लावते."

"तू सांगितलंस तर त्यांना वाटेल, सर चुकले. चुकलो नाही मी." ते पुन्हा उठू लागले. "बोलाव त्यांना."

पोरं आत आली आणि भिंतीशी उभी राहिली. सरांना असं गाऊनमध्ये, छातीला चकत्या, बगलेत तारा, केस विस्कटलेले, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लंबूचे डोळे लाल झाले होते. कुठं बघावं ते कुणालाच कळत नव्हतं.

"मघाशी लिहून घेतलं ते खोडा," सर म्हणाले. "ते खालचं होतं. मला दिसलं होतं. पट्टीत एक सडपातळ ठोका होता, त्यावर मी अंगठा ठेवला. मी घाबरलो होतो आणि तुम्हाला खोटं शिकवलं."

कुणी वही उघडेना. मला वाटत होतं, हे थांबवावं. एका म्हाताऱ्या माणसाला असं सगळ्यांदेखत उघडं पडताना मला बघवत नव्हतं. सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं.

"खोडा म्हणतोय ना."

मग वह्या उघडल्या. पेनं चालली. सर प्रत्येकाचा हात हललेला बघेपर्यंत थांबले. शहाणीनं ओळ खोडली, आणखी एकदा खोडली, पण मान खालीच ठेवली. तिनं विचारलं, "सर, तुम्हालासुद्धा असं झालं. मग आम्ही काय करायचं? आपल्याच माणसाची पट्टी असेल तर?"

वर्गात असा प्रश्न आला असता तर त्यांच्याकडे चोख उत्तर असतं. ड्युटीवरचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता, तोही ऐकत होता.

"माहीत नाही, बाळ," सर म्हणाले. "दिसली मला, पण आज वाचता आली नाही."

एवढं बोलून ते दमले आणि उशीवर डोकं टेकलं. सासूबाई पोरांना म्हणाल्या, जा आता, झोपू द्या त्यांना. पोरांनी माना हलवल्या, पण गेलं कुणीच नाही.